कार्ल्याचे हत्ती आणि माझी मोटारसायकल

कार्ले फाट्यावर जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला आम्ही नवरा-बायको चहाला थांबलो होतो. आम्ही गाडीवरून उतरलो तसा टपरीवरचा पोरगा म्हणाला, "काका, गाडी चांगली चार बोटं वर आली बघा!" सगळे हसले, मीही हसलो. माझी उंची सहा फूट एक इंच, वजन ११२ किलो आणि गाडी शंभर सीसीची. हसण्यासारखंच होतं ते.

पण पुढच्याच महिन्यात खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना, शिंग्रोबाच्या देवळाच्या थोडं अलीकडे, मागचा ब्रेक तापून पकड सोडू लागला. गिअर उतरवत, पुढचा ब्रेक जपून दाबत गाडी कशीबशी कडेच्या मातीत थांबवली. बायको काही बोलली नाही. उतरली आणि पायी चालू लागली. त्या रात्री मी आयुष्यात पहिल्यांदा गाडीची पुस्तिका उघडली. चालक, मागे बसणारा आणि सामान मिळून १३० किलो, असं छापलेलं होतं. आम्ही दोघं मिळून १७६!

मी इतिहासाचा मास्तर. अडचण आली की मागे वळून बघायची खोड. आणि वाहन व वजन यांचा हिशेब शिकायला कार्ल्यासारखी शाळा नाही.

एकवीरा आईच्या देवळाशेजारचं चैत्यगृह आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी डोंगर कोरून केलेलं. आत गेलात की खांबांच्या माथ्याकडे नीट बघा. मधल्या दालनाच्या बाजूला गुडघे टेकलेले हत्ती आहेत आणि त्यांच्या पाठीवर स्त्री-पुरुष जोडीनं बसलेत. त्याच खांबांच्या मागच्या अंगाला घोडे. मी ते कितीदा पाहिले असतील; पण पुस्तिका वाचल्यावर पाहिले तेव्हा हसू आलं. दोघांना आरामात न्यायचं तर पाठ रुंद हवी आणि चढता-उतरताना वाहन खाली यायला हवं. आजच्या भाषेत, सीटची लांबी आणि सीटची उंची!

मात्र मोठं म्हणजे चांगलं असंही नाही. तोही धडा कार्ल्यातलाच. १७७८च्या अखेरीस इंग्रजांची फौज मुंबईहून पुण्यावर निघाली. तोफा, दारूगोळा, तंबू आणि हे सगळं ओढायला १९ हजारांवर बैल. घाट चढल्यावर ही फौज दिवसाला मैल-दोन मैल सरकत होती. मराठ्यांचे घोडे चणीनं लहान, पण काटक. वाटेवरचं दाणावैरण नाहीसं करत ते भोवती फिरत राहिले. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याला कॅप्टन स्टुअर्ट पडला, आपला 'इष्टूर फाकडा'. फौज तळेगावपर्यंत पोचली, जड तोफा तिथल्या तळ्यात टाकून मागे फिरली आणि वडगावला तिला तह करावा लागला. स्वतःचंच ओझं ज्याला पेलत नाही, त्याला रस्ता गिळतो.

आता मोटारसायकलकडे येऊ. १९५५ साली मद्रासला एन्फिल्ड इंडिया कंपनी निघाली आणि ३५० सीसीची बुलेट आपल्याकडे जोडली जाऊ लागली. लष्कर आणि पोलीस ही तिची मोठी गिऱ्हाइकं. थोराड माणसाला तीच गाडी शोभते हे आपल्या मनात पक्कं झालं ते तेव्हापासून. ते चुकीचं नव्हतं. ताठ बसक, भक्कम सांगाडा आणि कमी वेगातही ओढून नेणारं इंजिन. पण तासन्‌तास वेगानं पळण्यासाठी तिची घडण नव्हती. मग १९८०च्या दशकात जपानी भागीदारीतल्या शंभर सीसीच्या गाड्या आल्या. हीरो होंडाची सीडी १०० आली १९८५ साली. घरोघर एकच प्रश्न विचारला जाऊ लागला, "ॲव्हरेज किती देते?" तो प्रश्न पगारदार माणसाचा होता, प्रामाणिक होता. पण "वजन किती घेते?" हे विचारायचं आपण विसरलो.

तिकडे जर्मनीत बीएमडब्ल्यूनं १९७६ साली आर १०० आरएस ही गाडी काढली. वाऱ्याच्या बोगद्यात तपासलेलं पूर्ण आवरण, लांब पल्ल्याची बसक आणि तरीही वेग. 'स्पोर्ट टूरिंग' म्हणतात ती जात तिथून रुजली. आपल्याकडे त्याची चाहूल लागायला २००१ची पल्सर आणि २००३ची २२३ सीसीची करिझ्मा यावी लागली. २०१६च्या डिसेंबरात बजाजची ३७३ सीसीची डॉमिनार आली. मधल्या काळात द्रुतगती मार्ग झाला, पण तिथं दुचाकीला बंदी. त्यामुळे आम्ही आजही कार्ल्यावरून, जुन्याच रस्त्यानं जातो.

मी शेवटी कोणती घेतली, ते आकाशवाणीवरून सांगणं बरं नव्हे. कशी घेतली, ते सांगतो. आधी कमाल परवानगीचं एकूण वजन पाहिलं, त्यातून गाडीचं वजन वजा केलं; उरलं ते आमचं. आम्हा दोघांच्या १७६वर सामानाचे दहा-पंधरा किलो धरले आणि जिथं हे बसेना ती गाडी बघितलीच नाही. दुकानात बायकोला मागे बसवूनच बसलो. दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात का, गुडघे फार दुमडतात का, हँडल धरताना मनगटावर भार येतो का, हे पाहिलं. मागच्या सस्पेन्शनची स्प्रिंग वजनाप्रमाणे घट्ट करून घेतली. दोघांसाठी टायरमध्ये हवा किती, ते पुस्तिकेतून वहीत उतरवलं. दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आणि एबीएस हवेतच, असं ठरवलं. ताकदीचा आकडा सर्वांत शेवटी पाहिला. विक्रेता जरा वैतागला, पण मास्तरांची सवय कुठे जाते?

आता आम्ही घाट उतरतो तो खालच्या गिअरमध्ये, सावकाश. परवा कार्ले फाट्यावर त्याच टपरीपाशी थांबलो. पोरगा आता मालक झालाय. आम्ही उतरलो तेव्हा तो वाकून गाडीकडे बघत राहिला. गाडी वर आली, नाही असं नाही. दोन बोटं आली. बायको म्हणाली, "चल, आधी आईचं दर्शन घेऊ." आणि शिंग्रोबाच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच, परत निघताना ती न सांगता मागे बसली.