ओंडक्यातलं बिऱ्हाड

दापोलीजवळच्या मुरुडला (जंजिऱ्याचं मुरुड ते वेगळं) पावसाळ्यात लाटा ओंडके आणून टाकतात. एखादा फोडून बघा. आत बोटाएवढे बोगदे आणि त्यांना पांढऱ्या चुन्याचं अस्तर असतं. हे बोगदे कोरून त्यात राहणारा प्राणी म्हणजे लाकडी होड्यांचा जुना वैरी. दिसायला अळी, पण 1733 मध्ये सेलिअस नावाच्या अभ्यासकाने त्याचं खरं कूळ ओळखलं: तो शिंपल्यांच्या गोतातला, आपल्या तिसऱ्यांचा भाऊबंद. डोक्याशी उरलेल्या दोन इवल्या शिंपल्यांनी तो लाकूड किसतो.

किसतो खरा, पण पचवतो कसा? लाकडात सेल्युलोज भरपूर, नायट्रोजन नावापुरता. 1983 मध्ये वॉटरबरी, कॅलोवे आणि रूथ टर्नर यांनी त्याच्या कल्ल्यांतून एक जिवाणू काढून वाढवला. तो सेल्युलोज फोडतो आणि हवेतल्या नायट्रोजनपासून पोषणही करून देतो.

तरी शंका उरलीच. प्रयोगशाळेतल्या बशीत वाढलेला हा जिवाणू कल्ल्यातला रहिवासी, की वाटेत चिकटलेला पाहुणा? समुद्रातले बहुतेक जिवाणू तर बशीत वाढतच नाहीत. इथे दुसरी कुळकथा येऊन मिळते. कार्ल वूज यांनी रायबोसोमच्या आरएनएवरून जीवांची नाती लावली. 1977 मध्ये त्यातूनच आर्किया हा वेगळा गट पुढे आला. नॉर्मन पेस यांनी धाडस केलं: जिवाणू वाढवायची वाटच पाहायची नाही, नमुन्यातून थेट त्याचा वारसा वाचायचा. 1991 मध्ये डिस्टेल, डीलाँग आणि वॉटरबरी यांनी ही रीत आपल्या लाकूडखाऊला लावली. बशीतल्या जिवाणूची जनुकीय अक्षरं कल्ल्यातल्या अक्षरांशी जुळली. शंका फिटली. 2002 मध्ये त्याला टर्नरबाईंच्या नावावरून टेरेडिनिबॅक्टर टर्नेरी हे नाव मिळालं. पुढे एकाच प्राण्याच्या कल्ल्यांत जिवाणूंच्या अनेक जाती नांदताना दिसल्या. स्पंज, पोवळी यांची बिऱ्हाडंही याच वाचनातून उलगडत गेली.

मला सगळ्यात नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. लाकूड पोटात, जिवाणू मात्र कल्ल्यात! 2014 मध्ये पॅसिफिकमधल्या एका जातीत जनुकं आणि प्रथिनं ताडून पाहिली, तेव्हा कळलं की कल्ल्यातले जिवाणू लाकूड फोडणारी विकरं तयार करतात आणि ती पोटापर्यंत पोचतात. चूल एका खोलीत, पंगत दुसऱ्या खोलीत.

मुरुडला असा ओंडका सापडला तर तो ओला असतानाच फोडा. सुकला की प्राणी मरतो, डीएनए झिजत जातो, आणि हाती उरतात फक्त चुन्याच्या नळ्या.