दत्तपूर ते घरोघर: वर्ध्यातील कुष्ठकार्य

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विदर्भात कुष्ठरोगाला महारोग किंवा रक्तपिती म्हणत. अंगावर चट्टा उमटला, बोटे वाकू लागली की रोग्याला घर सोडावे लागे. नॉर्वेच्या हान्सेन यांनी १८७३ सालीच या रोगाचा जंतू शोधला होता, पण खात्रीचे औषध नव्हते. १८९८ च्या कायद्याने भीक मागत हिंडणाऱ्या रोग्यांना पकडून आश्रमात कोंडण्याची तरतूद केली. सेवाशुश्रूषा बहुतांशी ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या दवाखान्यांतच होत असे.

या चित्रात पहिला मोठा फरक वर्ध्यात पडला. विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूर येथे महारोगी सेवा मंडळाचे काम सुरू केले. तेथे रुग्णांनी शेती केली, सूत कातले. दानावर जगणारा रोगी ही ओळख त्यांनी श्रमाने पुसली. १९३९ च्या सुमारास येरवडा तुरुंगातले गांधीजींचे सोबती, संस्कृत पंडित परचुरेशास्त्री कुष्ठरोगाने ग्रासलेल्या अवस्थेत सेवाग्रामला आले. गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले आणि त्यांच्या अंगाला स्वतः मालिश केली. ज्या काळी रोग्याची सावलीही टाळली जाई, त्या काळी या स्पर्शाचा परिणाम शंभर व्याख्यानांहून मोठा होता. पुढे अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन आणि वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांचे आनंदवन उभे राहिले.

या वसाहतींनी हाकललेल्या माणसांना मान दिला. रोगाचा प्रसार मात्र त्यांच्याने थांबणारा नव्हता. वसाहतीत पोचलेल्या माणसाचा रोग बहुधा वाढलेला असे, आणि गावात चट्टा सदऱ्याखाली लपवून जगणारे कितीतरी जण राहूनच जात. या लपलेल्या रुग्णांपर्यंत जायचे कसे, हा खरा प्रश्न होता. त्याचे उत्तरही वर्ध्यातच सापडले, पण आनंदवनाइतकी त्याची आठवण ठेवली गेली नाही.

गांधीजींच्या पश्चात गांधी स्मारक निधीच्या पुढाकाराने १९५१ साली वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठ प्रतिष्ठान स्थापन झाले. त्याचे संचालक डॉ. रा. वि. वारदेकर यांनी सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी तिहेरी पद्धत आखली. सल्फोन गटातील डॅप्सोनची गोळी तोवर हाती आली होती. ती स्वस्त होती आणि घरी राहून घेता येई, त्यामुळे रुग्णाला घरातून उठवण्याची गरज उरली नाही. प्रशिक्षित कार्यकर्ता गाव वाटून घेई आणि दारोदार जाऊन घरातल्या प्रत्येकाला, अगदी धडधाकट माणसालाही, उजेडात उभे करून पाठीपासून पायापर्यंत पाही. फिकट चट्टा दिसला की माणसाला डोळे मिटायला सांगून कापसाचे टोक टेकवी. कुठे लागले ते बोटाने दाखवता आले नाही, तर ती जागा बधिर. मग कोपराजवळची नस चाचपून ती जाड झाली आहे का, दुखते का हे बघे. या तपासणीला ना यंत्र लागे, ना मोठा दवाखाना. गरज होती ती दार उघडणाऱ्याच्या विश्वासाची, म्हणूनच शिक्षणाला उपचाराइतके महत्त्व होते. १९५५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाने हीच पद्धत स्वीकारली.

उणीव औषधात होती. डॅप्सोन वर्षानुवर्षे घ्यावे लागे, रुग्ण कंटाळून गोळ्या सोडत, आणि जंतूही त्या औषधाला दाद देईनासे झाले. १९८० च्या दशकाच्या आरंभी रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन व डॅप्सोन यांचा बहुविध औषधोपचार आला. देशात तो प्रथम सुरू झालेल्या जिल्ह्यांत वर्धा होता. महिन्यातला एक डोस कार्यकर्त्यासमोर घ्यायचा आणि उरलेल्या गोळ्या घरी, अशी ही व्यवस्था गावोगाव फिरणाऱ्या माणसांमुळेच चालली.

तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत व मेबल आरोळे यांनी १९७० पासून आणखी पुढचे पाऊल टाकले. गावानेच निवडलेल्या, बऱ्याचदा निरक्षर व दलित बायकांना त्यांनी आरोग्याचे शिक्षण दिले. त्या बाळंतपण आणि हगवणीबरोबरच कुष्ठरोगही ओळखू लागल्या. चट्टा पाहायला आलेली बाई शेजारची असली की लपवण्याचे कारणच कमी होते.

डिसेंबर २००५ मध्ये देशातील प्रमाण दर १० हजारांमागे एका रुग्णाच्या खाली गेले. कुष्ठकार्य सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन झाले आणि अनुभवी कुष्ठतंत्रज्ञांची फळी विरळ होत गेली. हे फार घाईने झाले असे म्हणावे लागते, कारण जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत कित्येक वर्षे जातात आणि नवे रुग्ण अजून सापडत आहेत. आज घरोघरची तपासणी मुख्यतः आशा कार्यकर्त्यांच्या अंगावर आहे. जंतू मेले तरी गेलेली संवेदना बहुधा परतत नाही. म्हणून बऱ्या झालेल्या माणसालाही रोज पाय पाण्यात भिजवून, जाड कातडी घासून, तेल लावून जखम शोधावी लागते आणि मऊ तळव्याची एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर) चप्पल वापरावी लागते. १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला; कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणाऱ्या तरतुदी २०१९ मध्ये वगळण्यात आल्या.