सात लाइन, एक केबल: बॅकअप नावाच्या गोष्टीची छोटी हिस्टरी

मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "दोन इंटरनेट कनेक्शन घेतली की नेट कधीच जाणार नाही ना?" याचं उत्तर थेट १९८६ सालात आहे.

त्याआधी थोडं मागे जाऊ. १९६४ मध्ये रँड कॉर्पोरेशनच्या पॉल बॅरनने गणित मांडलं की नेटवर्कमधल्या प्रत्येक ठाण्याला तीन-चार वेगवेगळ्या वाटा दिल्या, तर बरीचशी ठाणी उडाली तरी उरलेली एकमेकांशी बोलत राहतील. (आर्पानेट अणुयुद्धासाठी बांधलं, ही मात्र व्हॉट्सॲप छाप दंतकथा. ते संशोधकांना एकमेकांचे कॉम्प्युटर वापरता यावेत म्हणून बांधलं होतं.)

आता १२ डिसेंबर १९८६. अमेरिकेचा न्यू इंग्लंड भाग, म्हणजे एमआयटी आणि हार्वर्डचा परिसर. आर्पानेटचे पॅकेट पुढे ढकलणारी यंत्रं बांधणारी बीबीएन कंपनीसुद्धा तिथलीच. या भागाला उरलेल्या आर्पानेटशी जोडणाऱ्या लाइन होत्या सात. एक गेली तर सहा आहेत, म्हणजे बिनधास्त! त्या दिवशी न्यूअर्क आणि व्हाइट प्लेन्स यांच्यामध्ये कुठेतरी एक फायबर केबल तुटली आणि सातही लाइन एकदम गेल्या. कारण कागदावर सात असलेल्या त्या लाइन जमिनीखाली एकाच केबलमधून जात होत्या. डायग्राम काढणाऱ्याने सात रेषा काढल्या होत्या, आणि टेलिफोन कंपनीने त्या आपल्या सोयीने एकत्र बांधल्या. दोघंही आपापल्या जागी बरोबरच होते, आणि मला इथेच खरी भीती वाटते.

१९९७ मध्ये इंटरनेटवाल्यांनी डीएनएससाठी एक नियमावलीच लिहिली, आरएफसी २१८२. सांगणं साधं होतं: प्रायमरी आणि सेकंडरी सर्व्हर एकाच खोलीत ठेवू नका, एकाच नेटवर्कवरही ठेवू नका. पुढच्याच वर्षी व्हीआरआरपी आला. यात दोन राउटर एकच पत्ता वाटून घेतात. मुख्य राउटर दर सेकंदाला "मी आहे" असं ओरडतो. साधारण तीन हाका ऐकू आल्या नाहीत की बॅकअप त्याची खुर्ची घेतो. तुमच्या लॅपटॉपला काही कळतही नाही.

पण नियम वाचतो कोण? जानेवारी २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे चारही डीएनएस सर्व्हर एकाच नेटवर्कवर होते. राउटरच्या कॉन्फिगरेशनमध्ये एक चुकीचा बदल झाला आणि साइट्स जवळपास दिवसभर कुणाला सापडेनात. सर्व्हर चारही ठणठणीत होते बरं का! त्यांच्यापर्यंत जायचा रस्ताच तेवढा बंद होता.

आपल्याकडे हा धडा ३० जानेवारी २००८ ला आला. मुंबईतून युरोपकडे जाणाऱ्या सी-मी-वी ४ आणि फ्लॅग या दोन केबल, मालक वेगळे, नावं वेगळी. पण दोन्ही इजिप्तमार्गे जातात, आणि भूमध्य समुद्रात दोन्ही एकाच दिवशी तुटल्या. दोन दिवसांनी दुबईजवळ फाल्कनही गेली. तिथे समुद्रतळाशी पाच-सहा टनांचा बेवारस नांगर सापडला. भारतातलं नेट रखडलं. सावरले ते सिंगापूर-जपानकडून पॅसिफिक ओलांडून अमेरिकेला जाणाऱ्या उलट्या वाटेमुळे. लांबचा रस्ता, पिंग वाढलेला, पण रस्ता होता.

तर घरी दुसरं कनेक्शन घेताना कंपनीचं नाव बदललं म्हणजे झालं असं नाही. गच्चीवर जाऊन बघा, दोन्ही वायरी एकाच खांबावरून येतायत का. येत असतील तर दुसरं कनेक्शन मोबाइल डेटाचं ठेवा. आणि महिन्यातून एकदा मुख्य राउटरची वायर मुद्दाम उपटून बघा, घरच्यांना आधी सांगून. देशाचं म्हणाल, तर बाहेर जाणाऱ्या कितीतरी केबल आजही मुंबईतच किनाऱ्याला लागतात, त्यातही बऱ्याचशा वर्सोव्यात. त्यावर पुढचा एपिसोड.