औषधवितरण आणि रुग्णसमुपदेशन : रत्नागिरी जिल्हा

डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे नेमके औषध, नेमक्या मात्रेचे, रुग्णाच्या हाती देणे आणि ते कसे घ्यायचे हे त्याला समजावून सांगणे, ही औषध दुकानातील नोंदणीकृत फार्मासिस्टची जबाबदारी. फार्मसी कायदा 1948च्या कलम 42नुसार चिठ्ठीवरचे औषध देण्याचा अधिकार त्यालाच आहे. समुपदेशनाचे कर्तव्य फार्मसी प्रॅक्टिस विनियम 2015मध्ये नमूद आहे. दुकानांवर देखरेख अन्न व औषध प्रशासनाची.

रत्नागिरीत खरी कसोटी लागते ती मुंबईच्या चिठ्ठीवर. आजाराचे निदान केईएम किंवा नायर रुग्णालयात झालेले असते, पुढची औषधे मात्र लांजा, राजापूर, मंडणगडच्या मेडिकलमधून घेतली जातात. लिहून दिलेली कंपनी इथे मिळतेच असे नाही. औषध नियमावलीतील नियम 65(11अ) प्रमाणे चिठ्ठीवरच्या औषधाऐवजी दुसरे औषध परस्पर देता येत नाही. डॉक्टरांना फोन करून विचारावे लागते. अनेकजण चिठ्ठीऐवजी रिकामी पट्टी पुढे करतात. पट्टीवर गोळीचे नाव कळते, पण ती दिवसातून किती वेळा घ्यायची, डॉक्टरांनी मध्यंतरी बंद केली का, हे कळत नाही. सुट्या गोळ्या देताना पट्टी नाव आणि मुदत छापलेल्या बाजूने कापली, तर उरलेल्या गोळ्यांची ओळखच जाते. कात्री कुठून चालवायची, एवढ्या साध्या गोष्टीकडेही म्हणूनच लक्ष हवे.

सर्वांत धोक्याची चूक इन्सुलिनची. बाटलीतले इन्सुलिन बहुधा मिलिलिटरला 40 युनिटचे, तर पेनच्या काडतुसातले 100 युनिटचे असते. 40ची लाल टोपणाची सिरिंज 100च्या इन्सुलिनला वापरली, तर अडीचपट डोस जातो आणि साखर एकदम उतरून जिवावर बेतते. सिरिंज व इन्सुलिन एकत्र समोर ठेवून दोन्हींवरचा आकडा रुग्णाला दाखवणे, हाच यावर खात्रीचा उपाय. वीज वारंवार जाणाऱ्या गावांत इन्सुलिन कुठे ठेवणार, हेही विचारावे. बर्फात गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

भातलावणीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिससाठी डॉक्सिसायक्लिन दिली जाते. प्रतिबंधासाठी ती आठवड्यातून एकदा, तर उपचारात रोज दोनदा घ्यायची असते. गोळी तीच असल्याने घरातल्या दोघांच्या पाकिटांची अदलाबदल सहज होते. म्हणून प्रत्येक पाकिटावर नाव आणि वार लिहावा. गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यावी, लगेच आडवे होऊ नये, आम्लपित्ताच्या औषधासोबत घेऊ नये. गरोदर स्त्रीने डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊच नये.