सोळा मिनिटांची कुळकथा

हिरोशिमाची जी चलत्‌चित्रं आपल्या डोळ्यांसमोर येतात, ती जवळपास पंचवीस वर्षं लोकांपासून दूर ठेवली होती.

१९४५च्या सप्टेंबरात निप्पॉन एइगाशा या जपानी वृत्तपट कंपनीचे कॅमेरामन शास्त्रज्ञांबरोबर हिरोशिमा-नागासाकीत चित्रण करू लागले. निर्माते अकिरा इवासाकी. लष्करी राजवटीच्या चित्रपट-कायद्याला विरोध केला म्हणून तुरुंग भोगून आलेला हा माणूस. ऑक्टोबरात नागासाकीत एका कॅमेरामनला अमेरिकी सैनिकांनी पकडलं आणि चित्रण थांबवलं. पुढे अमेरिकेलाच नोंद हवी झाली, तेव्हा याच मंडळींकडून १९४६ मध्ये अडीच तासांहून मोठा इंग्रजी माहितीपट पुरा करून घेतला. काँक्रीटला किती तडे गेले, झाडं कशी होरपळली, पुलाच्या कठड्यांच्या सावल्यांवरून स्फोटाची जागा कशी शोधली, हे सगळं त्यात बारकाईनं येतं. माणसं त्यामानानं थोडी, आणि तीही जखमांचे नमुने म्हणून. मग सगळी फिल्म अमेरिकेत गेली आणि गोपनीय झाली. इवासाकी आणि त्यांच्या सोबत्यांनी मात्र जीव मुठीत धरून एक प्रत प्रयोगशाळेच्या छतात दडवली.

१९६७ मध्ये अमेरिकेनं जपानला प्रत परत केली. दुसऱ्या वर्षी ती तिथल्या दूरचित्रवाणीवर दिसली. माणसांच्या जखमा वगळून!

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या एरिक बार्नो यांनी अमेरिकी सरकारकडून ही रिळं मिळवली. (एस. कृष्णस्वामींसोबत भारतीय चित्रपटाचा इतिहास लिहिणारे ते हेच बार्नो.) त्यांनी आणि पॉल रॉंडर यांनी शोधली ती माणसं. विखुरलेली ती दृश्यं एकत्र आणून १९७० मध्ये सोळा मिनिटांचा ‘हिरोशिमा-नागासाकी, ऑगस्ट १९४५’ तयार झाला. नवीन चित्रण असं काही नव्हतंच. पण आधी जिथे भाजलेली पाठ मोजमापासाठी होती, तिथे आता ती कुणाची तरी पाठ झाली. युद्धपटाचा जन्म अनेकदा संकलनाच्या टेबलावर होतो, असं मला म्हणूनच वाटतं. बड्या अमेरिकी वाहिन्यांनी पाठ फिरवली. सार्वजनिक दूरचित्रवाणीनं ऑगस्टमध्ये तो दाखवला.

१९९८च्या पोखरण अणुचाचण्यांनंतर मुंबईचे माहितीपटकार आनंद पटवर्धनही कॅमेरा घेऊन हिरोशिमा-नागासाकीला गेले, तिथे वाचलेल्यांना भेटले. २००२च्या त्यांच्या ‘जंग और अमन’मध्ये ही वाचलेली माणसं आपल्याशी बोलतात. सेन्सॉर बोर्डानं काटछाट सुचवली. २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं चित्रपट जसाच्या तसा दाखवू दिला.