मुक्त संगणक-प्रणालींतील स्पर्धा आणि सामाईक मानके : दृष्टिहीन वापरकर्त्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
ठाणे जिल्ह्यातील वांगणी येथे दृष्टिहीन कुटुंबांची मोठी वस्ती आहे. लोकल गाड्यांतून फिरून वस्तू विकणे हे त्यांपैकी अनेकांचे उपजीविकेचे साधन होय. अशा कुटुंबातील विद्यार्थ्यास विनामूल्य संगणक-प्रणाली उपयोगी पडेल काय, हा प्रश्न केवळ किमतीचा नाही. पडद्यावरील मजकूर त्याला ऐकू येतो काय, यावर तो अवलंबून आहे. या दृष्टीने केडीई व ग्नोम या लिनक्सवरील दोन प्रतिस्पर्धी प्रकल्पांच्या सहकार्याचा इतिहास प्रस्तुत निबंधात तपासला आहे.

स्पर्धेचे मूळ :
मथियास एट्रिख यांनी ऑक्टोबर १९९६ मध्ये केडीईची घोषणा केली. तिचा पाया असलेले 'क्यूटी' त्या वेळी पूर्णतः मुक्त परवान्याखाली नव्हते. या तात्त्विक मतभेदातून मिगेल दे इकाझा व फेडेरिको मेना यांनी ऑगस्ट १९९७ मध्ये ग्नोम प्रकल्प आरंभिला. २००० साली क्यूटीस जीपीएल परवाना लागू झाला. वादाचे मूळ कारण संपले. परंतु तोवर दोन्हींची रचना व निष्ठा वेगळ्या झाल्या होत्या.

सामाईक मानकांची घडण :
त्याच वर्षी हॅवक पेनिंग्टन यांनी 'फ्रीडेस्कटॉप' हे व्यासपीठ सुरू केले. विलीनीकरण हा त्याचा हेतू नव्हता. खिडक्यांचे व्यवस्थापन, मेनूतील नोंदी अशा बाबींत किमान एकवाक्यता साधणे एवढाच होता. कार्यक्रमांच्या परस्पर-संवादासाठी केडीई 'डीकॉप' तर ग्नोम 'कॉर्बा' वापरत असे. डीकॉपच्या अनुभवातून 'डी-बस' हे सामाईक माध्यम आकारास आले आणि २००८ मध्ये केडीईने चौथ्या आवृत्तीत स्वतःचे डीकॉप सोडून ते स्वीकारले.

या तडजोडीचे मोल सुगम्यतेच्या क्षेत्रात स्पष्ट दिसते. पडद्यावरील मजकूर वाचक-प्रणालीस पुरवणारी ग्नोमची 'एटी-एसपीआय' व्यवस्था कॉर्बावर उभी होती. परिणामी 'ऑर्का' हा पडदा-वाचक ग्नोमचे कार्यक्रम वाची, पण केडीईचे कार्यक्रम त्याच्यासाठी बहुतांशी मूक राहत. ही व्यवस्था पुढे डी-बसवर नव्याने रचण्यात आली. २०११ च्या ग्नोम ३ मध्ये ती आली आणि डिसेंबर २०१२ च्या क्यूटी ५ मध्ये तिचा आधार अंतर्भूत झाला. 'ई-स्पीक' या मुक्त वाचा-संश्लेषकात मराठीचीही सोय आहे.

समारोप :
डोळस वापरकर्त्यास दोन प्रकल्पांतील भेद ही गैरसोय होती. दृष्टिहीनास तो बंद दरवाजा होता. स्पर्धेने पर्याय दिले, मानकांनी ते पर्याय सर्वांस खुले होण्याची शक्यता निर्माण केली. ती प्रत्यक्षात येण्यासाठी मात्र प्रत्येक कार्यक्रमाच्या कर्त्याने त्या मानकांचे पालन करणे आवश्यक ठरते. महाविद्यालयांनी संगणक-प्रणाली निवडताना किमतीबरोबर ही कसोटीही लावणे अगत्याचे आहे.