सुरतेतील वाचनालय ते सायबर कॅफे

सुरतेत सार्वजनिक वाचनाची परंपरा १८५० साली स्थापन झालेल्या अँड्र्यूज लायब्ररीपर्यंत मागे जाते. पुढे महापालिकेच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला कवी नर्मद (१८३३–१८८६) यांचे नाव मिळाले. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले आणि घरी संगणक नसलेल्यांना सायबर कॅफेचा आधार मिळाला. २०११च्या केंद्रीय नियमांनी तिथे ओळखपत्र सक्तीचे केले. आडोशाच्या फळ्या साडेचार फुटांपेक्षा उंच नकोत, असे ठरवले. गुन्ह्यांच्या तपासासाठी हे रास्तच. मात्र पाहिलेल्या संकेतस्थळांची नोंदही किमान वर्षभर जपणे बंधनकारक झाले. वाचनालयात बसून कोणी कोणते पान उलटले, हे कुठल्याच नोंदवहीत चढत नाही. वाचकाची ही मोकळीक इंटरनेटवर बरीच आक्रसली.